रुग्णाजवळ बसायला जाताना: नव्या स्वयंसेवकांसाठी तयारीची यादी

आधी कंटाळवाण्या गोष्टी उरकून घ्या. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते बघा. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा आजच सुरुवात करा. ओळखपत्र, मास्क, कापलेली नखं, साधे सुती कपडे, पायात आवाज न करणाऱ्या चपला. सेंट किंवा अत्तर नको, केमो चालू असलेल्याला त्या वासानेही मळमळतं. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सरळ घरी थांबा. मोबाइल सायलेंटवर, आणि फोटो एकही नाही. सेवा करतानाचा सेल्फी तर नाहीच नाही.

मग प्रशिक्षण. ‘धीर द्यायला काय शिकायचं असतं?’ असं विचारणारं कुणीतरी दर बॅचमध्ये असतंच. अमेरिकेत 1925 साली अँटन बॉयसन या पाद्र्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वूस्टरच्या मनोरुग्णालयात नेऊन रुग्णांमध्ये कामाला लावलं. तो स्वतः पूर्वी अशा रुग्णालयात दाखल राहिलेला होता. हॉस्पिटलातल्या चॅप्लेनचं, म्हणजे रुग्णांना धीर देणाऱ्या धर्मसेवकाचं, तिथलं शिक्षण त्यातूनच उभं राहिलं आणि आज त्याचं एक युनिट किमान 400 तासांचं असतं. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण त्यातली एक सवय जरूर उचला: भेटीनंतर त्याच दिवशी संवाद आठवेल तसा लिहून काढायचा आणि अनुभवी माणसाला वाचून दाखवायचा. नाव, गाव, बेड नंबर त्यात येता कामा नये. आपण विषय कुठे बदलला ते कागदावर लगेच दिसतं. बहुतेकदा पेशंट मरणाचं बोलायला लागलेला असतो आणि आपण ‘जेवलात का?’ विचारलेलं असतं.

सुरुवातीच्या भेटींना जुन्या स्वयंसेवकाबरोबर जा आणि नुसतं ऐका. भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, ही वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 चं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं अशा रुग्णांसाठीचं केंद्र 1997 पासून आहे. अशा ठिकाणी रीतसर परवानगी काढून एखादा दिवस बघायला मिळाला तर सोडू नका.

वॉर्डात शिरलात की पहिली गाठ सिस्टरांची. आज कुणाला भेटायचं, कुणाचं तोंडाने खाणंपिणं बंद आहे, कुणाजवळ मास्कशिवाय जायचं नाही, हे विचारल्याशिवाय कुणाच्याही खाटेजवळ जाऊ नका. याला कारण आहे. शेवटचे दिवस जवळ आले की नातेवाईक गंगाजल आणि तुळशीचं पान घेऊन येतात. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात ते चमच्याने ओतलं तर पाणी श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. सिस्टरांना विचारून गॉजचा तुकडा ओला करायचा, पिळून घ्यायचा आणि नुसता ओठांवरून फिरवायचा. घरच्यांच्याच हाताने. तुळशीचं पान पेशंटच्या मुठीत ठेवता येतं. ऑक्सिजन चालू असेल तिथे निरंजन आणि उदबत्ती अजिबात नको. सेलवर चालणारा दिवा घरच्यांना बहुधा चालतो, विचारून बघा. अंगारा कपाळाला लावा, जखमेच्या किंवा सलाइनच्या सुईच्या आसपास नको. हाताला सूज आली की मनगटातला गंडादोरा रुतायला लागतो. तो परस्पर कापू नका; पेशंटला विचारा, दुसऱ्या हाताला बांधू का म्हणा. एमआरआयच्या आधी मंगळसूत्र काढावं लागतं, ते नातेवाइकाच्या हातात द्या. स्वतःकडे सांभाळायला घेऊ नका, मागून भलतंच लचांड होतं.

आडनावावरून धर्माचा अंदाज बांधू नका. बौद्ध घरात कुणी गंगाजल पुढे केलं तर घरचे दुखावतात, तिथे भंतेजींना बोलवायचं का, त्रिशरण-पंचशील म्हणायचं का, हे विचारा. कॅथलिक पेशंटसाठी फादरना शुद्ध हरपण्याआधी बोलावलं तरच कबुली देता येते, म्हणून तो फोन उशिरा करू नका. मुसलमान कुटुंबाला खाटेची दिशा हवी असते. मुंबईतून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, साधारण पश्चिमेला पडतो. फादर, मौलवी, भंतेजी, गुरुद्वाऱ्यातले ग्रंथी, हरिपाठ म्हणणारे बुवा यांचे नंबर आधीच वहीत हवेत. आणि देव न मानणाऱ्यालाही सोबत लागते. माझा अनुभव असा, की तोच जास्त वेळ बसवून घेतो.

काय विचारायचं? असं संकट आलं की तुम्हाला कशाने धीर येतो? या आजारात तो धीर टिकलाय का? तुमच्यापाशी कोण असतं, भजनी मंडळ, मशिदीतली माणसं, चाळीतले शेजारी? आम्ही काय केलेलं आवडेल? हे चार प्रश्न फॉर्म भरल्यासारखे ओळीने विचारू नका. आणि दुखत असेल तर विचारूच नका, आधी सिस्टरांना सांगा. लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स शरीर, मन, घर आणि श्रद्धा यांचं दुखणं एकत्रच बघायच्या, पण औषधाची वेळही काटेकोर पाळायच्या.

‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ हा प्रश्न येणारच. कर्माचे भोग, गेल्या जन्मीचं पाप, देव परीक्षा बघतो, यातलं एकही वाक्य तोंडातून निघता कामा नये. ‘किती दिवस हे मनात घोळतंय?’ एवढं विचारा आणि थांबा. शांतता लांबली तरी तुम्ही भरू नका.

मुलगा दारातच गाठून सांगेल, ‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका.’ आजार सांगणं आपलं काम नाही, पण खोटंही बोलायचं नाही. बाबांनीच विचारलं तर ‘डॉक्टर काय म्हणाले? तुम्हाला काय वाटतंय?’ असं म्हणून ऐकून घ्या आणि ‘बाबा विचारताहेत’ हे डॉक्टरांच्या आणि मुलाच्या कानावर घाला. बऱ्याचदा बाबांना सगळं ठाऊक असतं आणि ते मुलाला जपत असतात.

ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. अपवाद एकच: जीव द्यायची भाषा. ते त्याच वेळी सिस्टरांना आणि डॉक्टरांना सांगा. पेशंट घरी गेल्यावर असा विषय निघाला तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कुटुंबाला देऊन ठेवा. तुमच्या स्वतःच्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर काही महिने ही ड्युटी घेऊ नका. तोवर ओपीडीत फॉर्म भरायला आणि औषधाच्या खिडकीवर मदतीला माणसं कायमच कमी पडतात.