राजकीय सिममध्ये उमेदवारांची डिबेट कशी घ्यावी: नवी मुंबई महापालिकेच्या खेळाचं उदाहरण

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर चालणाऱ्या राजकीय सिममध्ये, म्हणजे खेळाडू उमेदवार आणि मतदार होऊन राजकारण खेळतात त्या खेळात, निवडणुकीतला सगळ्यात गजबजलेला दिवस डिबेटचा असतो, आणि भांडणंही त्याच दिवशी होतात. बहुतेक भांडणांचं मूळ एकच असतं. एक उमेदवार म्हणतो, "मागच्या टर्मला मी ऐरोलीत चार उद्यानं केली." दुसरा विचारतो, "कुठे?" खरं काय ते ठरवायला कोणाकडेच कागद नसतो. म्हणून डिबेटची निम्म्याहून जास्त मेहनत आधीच्या चार दिवसांत होते. तेवढी तयारी नीट झाली तर त्या तासाभरात सूत्रसंचालकाला फारसं ओरडावं लागत नाही.

आधी पद ठरवा

उमेदवार नगरसेवकपदासाठी उभे आहेत की महापौरपदासाठी, यावर सगळे प्रश्न अवलंबून असतात. नवी मुंबई महापालिकेत नगरसेवकांच्या १११ जागा आहेत. महापौर थेट जनतेतून येत नाही. नगरसेवक त्याला निवडतात आणि त्याची मुदत अडीच वर्षांची असते. प्रशासन चालवतो तो राज्य सरकारने नेमलेला आयुक्त, आणि मोठ्या खर्चाची मंजुरी सोळा सदस्यांच्या स्थायी समितीतून जाते. त्यामुळे "महापौर झालो की दुसऱ्याच दिवशी ठेकेदार बदलतो" असं कोणी म्हणालं, तर प्रतिस्पर्ध्याला ते एका वाक्यात खोडता आलं पाहिजे.

खेळासाठी महापौर थेट निवडायचा असेल तर खुशाल निवडा, पण ते लेखी जाहीर करा आणि त्याला कोणते अधिकार दिलेत तेही लिहा. अर्धे खेळाडू खऱ्या कायद्याने आणि अर्धे मनातल्या नियमाने बोलू लागले की डिबेट तिथेच संपते.

माहितीपत्रक: यात कसूर नको

डिबेटच्या तीन दिवस आधी दोन पानांचं माहितीपत्रक सगळ्या उमेदवारांना एकाच वेळी द्या. हरकतींसाठी चोवीस तास ठेवा, दुरुस्त्या करा आणि मग पत्रक कुलूपबंद करा. त्यात तीन गोष्टी हव्यात.

पहिली, खेळात आजवर काय घडलं: मंजूर ठराव, फेटाळलेले ठराव, तिजोरीत शिल्लक किती. दुसरी, वास्तवाची कट-ऑफ तारीख. त्या तारखेपर्यंतचं खरं जग खेळात धरायचं, त्यानंतरचं फक्त खेळातलं. तिसरी, कोणतं काम कोणाकडे. नवी मुंबईत ही यादी फार उपयोगी पडते, कारण इथे यंत्रणांची सरमिसळ आहे. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, म्हणून पाण्यावर नगरसेवकाला जाब विचारता येतो. १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली बेलापूर ते पेंधर मेट्रो मात्र सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्य सरकारी महामंडळाची. लोकल रेल्वेची, वीज महावितरणची, आणि वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजाराचा कारभार कृषी उत्पन्न बाजार समितीकडे. "मेट्रोच्या फेऱ्या वाढवतो" हे महापालिकेच्या उमेदवाराचं आश्वासन ठरत नाही. "सिडकोकडे पाठपुरावा करतो" हे ठरतं, आणि मग कसा करणार हा पुढचा प्रश्न.

प्रश्न कसे लिहावेत

"नवी मुंबईच्या वाहतुकीबद्दल आपलं मत काय?" हा प्रश्न विचारला की चारही उमेदवार एकच भाषण करतात. प्रश्नात जागा हवी, दोन पर्यायांतली ओढाताण हवी आणि पैसा हवा. तोच विषय असा मांडा: "कोपरखैरण्यात बैठ्या घरांच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि अग्निशमन दलाचा बंब आत शिरत नाही. सम-विषम तारखांचं पार्किंग लावणार, की मोकळ्या भूखंडावर वाहनतळ बांधणार? वाहनतळ बांधणार असाल तर पत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून पैसा काढणार?" आता उमेदवाराला कोणाला तरी नाराज करावंच लागतं. गाडीवाले तरी रागावतील, नाहीतर ज्यांचं उद्यान रद्द होईल ते.

गावठाणांतल्या घरांचा प्रश्न घेणार असाल तर आधी नीट वाचन करा. सिडकोने नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून आली. खेळणाऱ्यांत त्या घरांतली मुलंही असू शकतात. गरजेपोटी बांधलेल्या घराला सरसकट "अतिक्रमण" म्हणणारा प्रश्न लिहू नका. घर कोणत्या अटींवर नियमित करायचं, रस्त्याची रुंदी आणि मलनिस्सारण कसं सांभाळायचं, असं विचारा.

मुख्य प्रश्न पाचच ठेवा. विषय आधी जाहीर करा, नेमके शब्द मात्र करू नका.

वेळेचं गणित

चार उमेदवारांची आवाजी डिबेट एका तासात बसते, पण काटेकोर हिशोब केला तरच. सुरुवातीचं निवेदन प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे ६ मिनिटं. पाच प्रश्नांपैकी प्रत्येकाला अर्धा मिनिट वाचन, प्रत्येकी एक मिनिट उत्तर आणि अर्धा मिनिट प्रत्युत्तर, म्हणजे साडेसहा मिनिटं. पाचांची साडेबत्तीस. उमेदवारांनी एकमेकांना एकेक प्रश्न विचारायचा, त्याला साधारण साडेचार. प्रेक्षकांचे दोन प्रश्न, प्रत्येकी पाऊण मिनिटाच्या उत्तरांसह ७. समारोप प्रत्येकी एक मिनिट, ४. बेरीज ५४.

उरलेली सहा मिनिटं कुठे जातात ते नवख्या आयोजकाला कळत नाही. या रचनेत बोलणारा साठेक वेळा बदलतो, आणि दर वेळी माईक चालू होणं, "ऐकू येतंय का?" यात सहा सेकंद सहज जातात. पाचवा उमेदवार आला तर प्रश्न चारच करा. उत्तरं आखडून पाऊण मिनिटावर आणलीत तर फक्त घोषणा ऐकायला मिळतील.

सुरुवात रात्री साडेनऊला ठेवा. ठाणे-वाशी लोकलने परतणारे तोवर घरी येऊन जेवलेले असतात. लोकलच्या डब्यातून डिबेट करू देऊ नका, आवाज तुटतो.

लेखी की आवाजी

लेखी डिबेट शांत आणि जास्त मुद्देसूद होते, आणि परीक्षेच्या दिवसांत तीच बरी. तिचा एक सापळा आहे: शेवटी उत्तर देणारा आधीच्यांची उत्तरं वाचून आपलं घडवतो. म्हणून प्रश्न सकाळी नऊला टाका, उत्तरं रात्री नऊपर्यंत सूत्रसंचालकाकडे खाजगीत मागवा आणि सव्वानऊला सगळी एकत्र प्रसिद्ध करा. प्रत्युत्तरांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत द्या.

लांबीची मर्यादा शब्दांत द्या, अक्षरांत नको. डिस्कॉर्डच्या साध्या खात्यावर एका संदेशाला २००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत ती भराभर संपते. "क्षेत्र" डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द, पण मोजणीत तो सातचा: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. अडीचशे शब्दांचं उत्तर एका संदेशात सहसा मावतं.

आवाजी डिबेटसाठी स्टेज चॅनल घ्या, त्यात ठरावीक जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्यासाठी सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या तुमच्या गटाच्या जागेत, कम्युनिटी सुविधा चालू असावी लागते. प्रेक्षकांच्या गप्पांसाठी वेगळं चॅनल उघडा आणि त्यात तीस सेकंदांचा स्लो मोड लावा, म्हणजे एकाला तीस सेकंदांत एकच संदेश टाकता येतो. पावसाळ्यात वीज किंवा नेट जातंच. कोणी तुटला तर नव्वद सेकंद थांबा, मग पुढच्याला बोलू द्या, आणि परतल्यावर त्याची राहिलेली वेळ त्याला द्या. हे सुरुवातीलाच वाचून दाखवा, नाहीतर पक्षपाताचा आरोप ठरलेला.

चालवताना

सूत्रसंचालक आणि घड्याळ सांभाळणारा या दोन वेगळ्या व्यक्ती हव्यात. दहा सेकंद उरल्यावर घड्याळवाल्याने चॅनलवर "१०" टाकायचं, वेळ संपल्यावर वाक्य पुरं करायला तीन सेकंद, मग माईक बंद. यात संकोच करू नका. अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०२० च्या ट्रम्प-बायडन डिबेटमध्येही प्रत्येक विषयाच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांत दुसऱ्याचा माईक बंद ठेवला होता. बोलण्याचा क्रम दर प्रश्नाला एकाने पुढे सरकवा.

कोणी पत्रकाबाहेरचा आकडा फेकला तर सूत्रसंचालकाने वाद घालायचा नाही. "हा आकडा पत्रकात नाही, परीक्षकांनी धरू नये," एवढंच म्हणून पुढे जायचं.

उमेदवारांना एक गोष्ट सरावात सांगा. एका मिनिटात सावकाश बोललं तर साधारण १२० शब्द होतात. पहिल्या वाक्यात निर्णय सांगा, मग पैसा कुठून, मग विरोध करणाऱ्यांना काय द्याल. "आदरणीय सूत्रसंचालक आणि तमाम नवी मुंबईकर बंधू-भगिनींनो" यात मोलाचे पाच सेकंद जातात.

गुण आणि मतदान

तीन परीक्षक घ्या, कोणत्याही पक्षातले नकोत. पदाच्या अधिकारांची जाण, पैशाचा हिशोब, प्रत्युत्तर आणि भाषा, प्रत्येकी पाच गुण. डिबेटचं वजन अंतिम निकालात दहा टक्क्यांच्या वर नेऊ नका. नेलंत तर महिनाभर प्रभागात प्रचार केलेल्या, पण बोलायला बुजणाऱ्या खेळाडूवर अन्याय होतो.

मतदार यादी डिबेटच्या आधीच बंद करा, म्हणजे ऐनवेळी मित्रांची फौज घुसत नाही. मतदानासाठी डिस्कॉर्डचा आयता पोल वापरू नका, कोणी कोणाला मत दिलं ते त्यात दिसतं. वेगळा फॉर्म वापरा.

उमेदवारांची नावं आणि पक्षांची चिन्हं काल्पनिकच हवीत. खऱ्या नगरसेवकाचा आवाज किंवा चेहरा वापरलेली चित्रफीत तर मुळीच नको. खऱ्या निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर खेळाच्या प्रत्येक पोस्टरवर "हा खेळ आहे" असं ठळक छापा. असं पोस्टर सर्व्हरबाहेर गेलं की बघणाऱ्याला फरक कळत नाही.

डिबेट संपल्यावर चोवीस तासांत प्रत्येक उमेदवाराची आश्वासनं त्याच्याच शब्दांत एका चॅनलमध्ये उतरवा आणि त्याची सही म्हणून त्याच्याकडून खाली "मान्य" लिहून घ्या. पुढच्या निवडणुकीच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान याच नोंदीतून तयार होतं.