मल्लखांबाशेजारी उभं राहणाऱ्या नव्या मास्तरांसाठी

पहिल्या आठवड्यात मूल तुम्हाला एकाच गोष्टीवरून जोखतं: आपण उलटे झालो तेव्हा सरांचा हात जागेवर होता का.

साधी अढी घ्या. पाय वर, डोकं खाली, मांड्यांच्या पकडीवर सगळं अंग. तुम्ही बाजूला, हातभर अंतरावर; एक हात कमरेमागे, दुसरा खांद्यापाशी. घाबरलेलं मूल मांड्यांऐवजी पोटऱ्यांनी खांब धरतं आणि घसरतं, तेही डोक्याकडून. म्हणून खांद्याकडचा हात शेवटी काढायचा. कमरेचा आधी सुटतो, पण मुलाला सांगून. गुपचूप हात काढून ‘बघ, आलं की तुला!’ म्हणणारे पुष्कळ आहेत. पुढच्या उडीला ते मूल खांबाकडे बघत नाही, तुमच्या हाताकडे बघतं.

हात कुठे लागणार हे आधी सांगा. मुलींच्या सरावाला एखादी ताई हजर हवीच, याला अपवाद नको.

खांबाला एरंडेल स्वतः, फडक्यावर घेऊन लावा. जास्त झालं की पकड सुटते. कमी पडलं की मांडी सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी ‘पोट दुखतंय’ असा निरोप येतो.

पडल्यावर मान दुखते म्हणालं तर हलवू नका, उठवून बसवू नका, रुग्णवाहिका बोलवा. नुसतंच घाबरलं असेल तर घरी जाण्याआधी हमखास येणारी एखादी सोपी कसरत करवून घ्या. भीती रात्रभर मुरली की उतरायला महिना लागतो. आणि ‘डरपोक’ म्हणू नका. इंदुरात आपण मराठी-हिंदीची खिचडी बोलतो, पण टोमणा दोन्हींत सारखाच झोंबतो. शिवाय बाकीची पोरं ते नाव लगेच उचलतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते १२ ते १४ या वयात. उंची-वजन ताकदीच्या पुढे धावतं, कालपर्यंत जमणारी उडी अर्ध्यावर अडते. नेमकं तेव्हा मास्तर म्हणतात, ‘जाडी झालीस, भात बंद कर.’ मुलगी जेवण टाळते, ताकद आणखी घटते, उडी आणखी अडते. त्या काळात नवीन काही शिकवू नका. दोरी चढवा, पोटाचे व्यायाम घ्या, जुन्या अढ्या घोटवा.

दहावीला गळती लागते. आईवडिलांशी आधीच ठरवा: आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. पूर्ण बंद केलं तर परतताना पकड गेलेली असते, आणि लाजेनं मुलं येतच नाहीत.

मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे. चांगलं मूल आज ना उद्या तुमच्या हाताबाहेर जाणार. बऱ्याचदा उज्जैनला, जिथले योगेश मालवीय द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी आहेत. ‘माझा मुलगा फोडला’ म्हणून भांडू नका. सोबत वहीचं एक पान द्या: कुठला खांदा दुखरा, कुठल्या उडीला डावीकडे कलतो, आणि आधाराचा हात केव्हा सोडलेला चालतो.