अक्षतेच्या दुपारची कॉफी आणि ज्वारीची कॉफी बिस्किटं: आठ दिवस आधीपासूनची तयारी

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं प्रतीकात्मक लग्न, पाहून आमची माणसं घरी येतात तेव्हा दुपार कललेली असते. हा सोहळा होतो त्या संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभं राहून पाय भरून आलेले असतात. दादा नंदीध्वजाबरोबर, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठीबरोबर, चालून आलेला असतो, त्याची पांढरी बाराबंदी घामानं भिजलेली. त्यांच्या हातात गरम कॉफी आणि घरचं बिस्किट पडावं एवढ्यासाठी ही सगळी तयारी. भोगी-संक्रांतीची गडबड त्याच दिवसांत असते, म्हणून बिस्किटांचं काम आधीच उरकलेलं बरं.

सुरुवात ज्वारीपासून, सोहळ्याच्या आठ दिवस आधी. जानेवारीत शेतात हुरडा असतो. नवी ज्वारी घरात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. म्हणजे डब्यातली ज्वारी गेल्या हंगामाची. ती परातीत पसरून टोके लागलेत का ते बघा, निवडा आणि एक ऊन द्या. आमच्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी असते. तिचं पीठ गोडसर लागतं, कॉफीच्या कडवटपणाला ते फार छान सांभाळून घेतं. अर्धा किलोच दळून आणा आणि गिरणीत बारीक दळायला सांगा. ज्वारीच्या कोंबातल्या तेलामुळे जुनं पीठ कडसर होतं आणि तो कडूपणा कॉफीखाली झाकला जात नाही. बिस्किट तोंडात टाकलं की तोच आधी कळतो.

चार दिवस आधी कॉफी. आमची विजापूरची मावशी येताना पुडी घेऊन येते. तिच्याकडे कर्नाटकातली कॉफी सहज मिळते, शिवाय तिचा त्यावर हक्कच आहे. ती येणार नसेल तर शंभर ग्रॅमच घ्या, जास्त नको, आणि पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळलेली भाजलेल्या मुळांची पूड) किती टक्के आहे ते वाचून घ्या. प्यायला 80:20, म्हणजे वीस टक्के चिकोरीची, मला आवडते: चिकोरीमुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, दाट उतरतं आणि दुधात रंग टिकतो. बिस्किटांसाठी मात्र बिनचिकोरीची इन्स्टंट कॉफी वेगळी आणा. पहिल्या वर्षी मी फिल्टरचीच पूड पिठात घातली होती. ती विरघळत नाही. प्रत्येक घासाला दाताखाली कचकच आली. इन्स्टंट पूर्ण विरघळते, म्हणून पिठात तीच.

बिस्किटं भाजायची दोन दिवस आधी, सकाळी. तीस बिस्किटांना 150 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 75 ग्रॅम कणीक, 40 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, 120 ग्रॅम साजूक तूप, 100 ग्रॅम बारीक किसलेला गूळ, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. कणीक अजिबात वगळू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं, नुसत्या ज्वारीचं बिस्किट उचलतानाच भुगा होतं. ज्वारीचं पीठ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई केली तर तूप वितळून पीठ ओघळतं. थंडीतलं तूप थिजलेलं असतं, तसंच हवं. त्यात गूळ घालून हलकं होईपर्यंत फेटा. दोन चमचे इन्स्टंट कॉफी दोनच चमचे गरम डिकॉक्शनमध्ये विरघळवा, निववा आणि फेटलेल्या तुपात मिसळा. वास कमी वाटला म्हणून डिकॉक्शन वाढवू नका. पाणी वाढलं की बिस्किट चिवट होतं. वास हवा तर इन्स्टंट अर्धा चमचा वाढवा. सगळं हलक्या हातानं गोळा करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हीच बिस्किटं एप्रिल-मेच्या आपल्या उन्हाळ्यात केलीत तर तासभर ठेवावं लागेल.

ओव्हन 160 अंशांवर आधी तापवून अठरा-वीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर साधारण पंचवीस मिनिटं. कॉफीमुळे पीठ मुळातच तपकिरी असतं आणि गूळ लवकर करपतो, म्हणून रंगावर विसंबू नका. पंधराव्या मिनिटापासून जवळ उभं राहा. कडा बोटाला घट्ट लागल्या आणि खमंग वास सुटला की बाहेर काढा. मधला भाग मऊ लागेल, लागू द्या. ताटातच दहा मिनिटांत तो कडक होतो. पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेनं सादळतील. दुसऱ्या दिवशी कॉफीचा स्वाद जास्त मुरलेला असतो, म्हणूनच दोन दिवस आधी.

मुलांना किती द्यायची, असं जाऊबाई विचारतात. सगळ्या तीस बिस्किटांत मिळून दोन-अडीच कप कॉफीइतकंच कॅफिन आहे, एखाद्या बिस्किटानं काही होत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र गूळ आहे म्हणून निर्धास्त राहू नये, तीही साखरच. सासूबाईंसाठी मी चार बिस्किटं पातळ थापते, कॉफीत बुडवली की लगेच मऊ होतात.

आदल्या रात्री फिल्टर घासून पूर्ण कोरडा करा. वरचं भांडं ओलं राहिलं की पूड चिकटून भोकं बुजतात आणि डिकॉक्शन थेंबथेंबसुद्धा उतरत नाही. कप मोजा, दोन जास्तीचे काढून ठेवा. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा पिण्याचं आणि भांड्यांचं पाणी तेव्हाच भरून ठेवा.

सोहळ्याच्या सकाळी निघण्याआधी चार मोठे चमचे पूड फिल्टरमध्ये अलगद दाबा, आधी चमचाभर उकळतं पाणी टाकून पूड फुलू द्या, मग दीडशे मिली ओता आणि हात लावू नका. हे चार कपांचं झालं. माणसं जास्त असतील तर दुसरा घाणा लावा. उतरलेलं डिकॉक्शन झाकून ठेवा, परत उकळू नका. आल्यावर फक्त दूध कडकडीत तापवायचं. गुळाची कॉफी हवी असेल त्यांच्या कपात गूळ गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर दूध नासतं. पहिला कप दादाला, कारण तो पहाटेपासून उभा असतो.