साथीच्या काळात मेंदूची शस्त्रक्रिया: न्यूरो ओटी कशी चालवावी

डोक्यात साचलेलं रक्त साथ ओसरायची वाट पाहत नाही. मी न्यूरोसर्जरीच्या ओटीची (ऑपरेशन थिएटरची) इन्चार्ज सिस्टर आहे. कोरोनाच्या दोन्ही मोठ्या लाटांत आमची ओटी चालू होती, आणि त्या काळात जी पद्धत बसली ती इथे लिहिते आहे. मुख्यतः जिल्ह्याच्या गावांतल्या लहान हॉस्पिटलांसाठी, जिथे एक-दोनच ओटी असतात आणि निगेटिव्ह प्रेशरची, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊ न देणारी, खोली नसते. पुढची साथ कोरोनाचीच असेल असं नाही. २०१८ साली केरळात निपाह आला तेव्हा रुग्णाची शुश्रूषा करताना लागण होऊन सिस्टर लिनी गेल्या. रोग कुठलाही असो, ओटीतल्या माणसांची काळजी आधीपासून घेऊन ठेवावी लागते.

बहुतेक ठिकाणी सगळा जोर पीपीई किटवर असतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी येतात: ओटीत माणसं किती आहेत आणि दार किती वेळा उघडतं. या दोन आवरल्या नाहीत तर चांगल्यातलं चांगलं किटही पुरत नाही.

कुठली केस घ्यायची, कुठली थांबवायची

ईडीएच (कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचलेलं रक्त), एका डोळ्याची बाहुली मोठी झालेला रुग्ण, लहान मेंदूतला रक्तस्राव, डोक्यात पाणी साचून सुस्त होत चाललेलं मूल, अशा केसेस रिपोर्टसाठी एक मिनिटही अडवू नयेत. स्वॅब घ्यावा आणि रुग्ण पॉझिटिव्हच आहे असं धरून तयारीला लागावं. रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर खरी मानावी, निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नये. ट्रुनॅट किंवा सीबीनॅट या लवकर रिपोर्ट देणाऱ्या तपासण्यांची सोय असेल तर फुटलेल्या अॅन्युरिझमसारख्या (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा), थोडा अवधी देणाऱ्या केसमध्ये ती वापरावी. डोक्याचा सीटी काढायचाच असतो, तर त्याच टेबलावर छातीचाही काढून घ्यावा. मात्र छाती स्वच्छ दिसली म्हणून किट उतरवायचं नाही.

ज्याला कोरोना होऊन गेला होता आणि शस्त्रक्रिया घाईची नव्हती, त्याला तेव्हा सात आठवडे थांबवलं जायचं. ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२१ मध्ये आला. लागण झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत तीस दिवसांतले मृत्यू सुमारे ४ टक्के होते. लागण न झालेल्यांत, आणि सात आठवडे उलटल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांतही, ते दीड टक्क्याच्या आसपास होते. पण पायातली ताकद जात असेल, लघवी अडकली असेल, नजर अंधुक होत असेल किंवा गाठ कॅन्सरची आणि वाढणारी असेल, तर हे सात आठवडे तेव्हाही लागू नव्हते. तो निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी एकत्र बसून घ्यावा.

थांबवलेल्या रुग्णांबद्दल मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. ‘सध्या नको, नंतर या’ असं सांगून फाइल कपाटात गेली की तो माणूस कुणाचाच राहत नाही. प्रत्येक थांबवलेल्या रुग्णाचं नाव एका वहीत लिहा, शेजारी थांबवण्याचं कारण लिहा, आणि आठवड्याला एक फोन ठरवून टाका. फोनवर चारच प्रश्न विचारा: डोकेदुखी वाढली का, उलटी होते का, दिसायला कमी झालं का, चालताना तोल जातो का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी सरांना किंवा मॅडमना सांगा. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होत्या, गावाकडून निघायलाच दिवस जायचा. म्हणून आपल्याला आधी कळणं महत्त्वाचं.

दार आणि हवा

कॉरिडॉरच्या टोकाची, शक्यतो स्वतंत्र एएचयू (ओटीत गाळलेली हवा सोडणारं यंत्र) असलेली ओटी या केसेससाठी राखून ठेवा. ओटीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे दार उघडलं की आतली हवा कॉरिडॉरमध्ये ढकलली जाते. एएचयू बंद करणं हा उपाय नव्हे, कारण हवा साफ करण्याचं काम तोच करतो. दार बंद ठेवणं हा उपाय आहे.

दार बंद ठेवायचं तर लागणारं सगळं आधीच आत हवं. मेंदूच्या केसमध्ये ऐनवेळी काय लागेल याचा नेम नसतो, म्हणून पॉझिटिव्ह केसची ट्रॉली वेगळीच लावावी. ड्रिलबरोबर हडसन ब्रेस (हाताने फिरवायचं ड्रिल) आणि गिगली सॉ (तारेची करवत), रक्त थांबवणारे बोन वॅक्स, सर्जिसेल, जेलफोम, पॅटीची (मेंदूवर ठेवायच्या कापसाच्या पट्ट्यांची) जादा पाकिटं, ईव्हीडीचा (मेंदूतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा) सेट, मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल, क्रॉसमॅच केलेलं (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहिलेलं) रक्त. एक सिस्टर किट घालून बाहेरच्या खोलीत उभी राहील आणि जास्तीचं सामान दारातल्या टेबलावर ठेवेल. आत फिरणारी सिस्टर ते उचलेल. बाकी कुणीही ये-जा करायची नाही. शिकाऊ डॉक्टरांनासुद्धा आत घेऊ नये, त्यांना नंतर रेकॉर्डिंग दाखवता येतं.

भुलीसाठी श्वासाची नळी टाकताना आत फक्त भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस असावेत. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारं साधन) असेल तर तोच वापरावा, म्हणजे रुग्णाच्या तोंडापासून अंतर राहतं. भुलीच्या यंत्राच्या नळ्यांना, म्हणजे सर्किटला, व्हायरल फिल्टर हवाच. नळी टाकून झाली की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. तासाला १५ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला १८ मिनिटं लागतात, ६ वेळाच बदलत असेल तर ४६. आपल्या ओटीचा आकडा बायोमेडिकल इंजिनिअरकडून काढून घ्या आणि दारावर लिहून ठेवा. नुसता स्प्लिट एसी असेल तर तो तीच हवा फिरवत राहतो, त्याच्या भरवशावर मिनिटं मोजू नका. ज्याची बाहुली मोठी झाली आहे त्याच्यासाठी थांबायला वेळ नसतो. तिथे सगळ्यांनी पूर्ण किटमध्ये लगेच आत जायचं.

जुनं एसडीएच (मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त) बर होल करून, म्हणजे कवटीला भोक पाडून, काढायचं असेल तर जागा बधिर करून काम भागतं का, हे आधी पाहावं. नळीच टाकावी लागली नाही तर मोठा धोका टळतो. रुग्णाच्या तोंडावर, ऑक्सिजनच्या नळीवरून, मास्क ठेवावा.

हाड आणि नाक

वेगाने फिरणारं ड्रिल हाडाचा चुरा आणि रक्ताचे बारीक तुषार उडवतं. सीएसएफमध्ये (मेंदूभोवतीच्या पाण्यात) कोरोनाचा विषाणू क्वचितच सापडला, तेव्हा कवटी उघडताना जास्त भीती नळी टाकण्याची आणि काढण्याची असते. तरीही तुषार डोळ्यांत जाऊ द्यायचे नाहीत. ड्रिलवर सलाईनची धार सतत हवी आणि सक्शन हाडाला अगदी लागून धरायचं. साधा फ्लॅप (हाडाचा तुकडा उचलून कवटी उघडणं) असेल तर हडसन ब्रेसने बर होल करून गिगली सॉने हाड कापता येतं. हाताने वेळ लागतो, दम लागतो, पण उडतं कमी. नव्या सर्जन मंडळींनी हे साधन हाताळलेलं नसतं, म्हणून साथ नसतानाच एखाद्या सोप्या केसमध्ये सराव करून घ्यावा.

नाकातून होणारी पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया मात्र वेगळी गोष्ट आहे. विषाणू नाकात आणि घशाच्या वरच्या भागातच सर्वांत जास्त असतो. शक्य असेल तर ती पुढे ढकलावी. नजर जात असेल आणि थांबता येत नसेल, तर डोक्यातून जाता येईल का याचा विचार सर्जननी करावा. नाकातूनच जायचं ठरलं तर आधी पोव्हिडोन आयोडीनने नाक साफ करणं आणि ड्रिल कमीत कमी चालवणं, एवढं तरी पाळावं.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, काळ्या बुरशीच्या केसेस आल्या तेव्हा नाक टाळणं शक्यच नव्हतं. मधुमेह, स्टिरॉइड, आणि नाकातून डोळ्याकडे, तिथून मेंदूकडे सरकणारी बुरशी. तिथे ईएनटी, डोळ्यांचे सर्जन आणि न्यूरो यांनी एकाच भुलीत काम उरकावं. रुग्ण आत नेण्याआधी बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिनची सोय झाली आहे ना, हे विचारून घ्यावं.

मास्कमागचा आवाज

या भागाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एन-९५ वर शील्ड, त्यावर हूड. यातून बोललेलं ऐकू येत नाही. पॅटीचा काउंट चुकला तर कापसाचा तुकडा मेंदूत राहतो. म्हणून काउंट तोंडी ठेवू नका. भिंतीवर पांढरा बोर्ड लावा, फिरणाऱ्या सिस्टरने दिलेल्या पॅटींचा आकडा त्यावर लिहावा, स्क्रब सिस्टरने बोट दाखवून मान हलवावी, तेव्हाच आकडा पक्का. ड्यूरा (मेंदूचं बाहेरचं आवरण) शिवण्याआधी आणि हाड बसवण्याआधी सर्जननी हात थांबवून बोर्डाकडे पाहायचंच. सांगितलेलं प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याने परत म्हणायचं, ‘मॅनिटॉल चालू’ इतकं साधं असलं तरी.

मायक्रोस्कोप शील्ड लावून वापरता येत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा पातळ गॉगल निवडा आणि स्क्रब होण्याआधीच, तो घालून, आयपीस जुळवून घ्या. मास्कच्या वरच्या कडेला नाकावर मायक्रोपोर (चिकटपट्टी) लावलं तर वाफ वर येत नाही. व्हॉल्व्ह असलेला एन-९५ ओटीत नको, कारण आपला श्वास गाळला न जाता थेट जखमेवर येतो.

केस संपल्यावर

नळी काढताना रुग्ण खोकतो. खोकला मेंदूतही दाब वाढवतो आणि खोलीतही कण सोडतो, म्हणून तो दाबण्याची तयारी भूलतज्ज्ञांनी आधीच केलेली असते. तेव्हाही बाकीच्यांनी बाहेरच असावं. मग किट उतरवणं. दमलेल्या माणसाकडून चूक इथेच होते. एकट्याने कधीही उतरवू नका. समोर एक जण उभा राहून पायरी पायरी सांगेल, प्रत्येक पायरीनंतर हात साफ करायचे, आणि मास्क सर्वांत शेवटी, ओटीबाहेर.

फरशी आणि टेबलाला १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. ड्रिलच्या हँडपीसला आणि मायक्रोस्कोपला ते लावू नये, धातू खराब होतो. साफसफाई करणाऱ्या मामा-मावशींना किट तेच द्या जे सर्जनना देता. रक्ताने भरलेले ड्रेप आणि मास्क पिवळ्या दुहेरी पिशवीत, वर आजाराचं नाव लिहून.

नातेवाइकांना आत येता येत नाही, म्हणून संमती घेतानाच त्यांचे दोन नंबर घ्या: एक हॉस्पिटलबाहेर थांबलेल्याचा, एक गावाकडचा. सोबत आलेला माणूस स्वतःच पॉझिटिव्ह निघून क्वारंटाइनमध्ये जाऊ शकतो. केस संपली की सर्जननी दोन्ही नंबरांवर स्वतः फोन करावा, आणि रुग्णाने डोळे उघडले की वॉर्डच्या सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून द्यावा.