स्विचवर स्टॅटिक राऊट टाकताय? परतीचा रस्ता पण बघा

स्टॅटिक राऊट म्हणजे कुठल्या नेटवर्कला कुठून जायचं ते आपण हाताने लिहून दिलेला रस्ता. सेटअप साधा आहे बघा. दोन बिल्डिंगा, दोन्हीत सिस्कोचा लेयर थ्री स्विच (म्हणजे राऊटिंग पण करणारा), मधे फायबर. ऑफिसच्या स्विचवर व्हीलॅन (स्विचमधेच वेगळं पाडलेलं नेटवर्क) १० म्हणजे १९२.१६८.१०.०, गोडाऊनच्या स्विचवर व्हीलॅन २० म्हणजे १९२.१६८.२०.०, त्यात सगळे कॅमेरे. मधल्या लिंकला व्हीलॅन ९९, ऑफिसचा १०.०.९९.१, गोडाऊनचा १०.०.९९.२ आणि फायरवॉल (नेटकडे जायचा दरवाजा) १०.०.९९.६, मास्क २५५.२५५.२५५.२४८. ऑफिसमधून कॅमेरे दिसायला पाहिजेत, एवढंच काम. (कमांड मी बोलतो तशा लिहिल्यात, टाईप अर्थात इंग्रजीतच करायच्या.)

घरून रिमोटने करत असाल तर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा आणि मग "रीलोड इन १०" मारून ठेवा, म्हणजे मधेच लिंक तुटली तरी दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एकदा रात्री घरून नुसतं "आयपी राऊटिंग" मारलं आणि एसएसएच (स्विचचं रिमोट लॉगिन) जागीच गोठलं, कारण राऊटिंग चालू झालं की स्विच "आयपी डिफॉल्ट-गेटवे" ची ओळ विचारातच घेत नाही, त्याला डिफॉल्ट राऊट (बाकी कुठला रस्ता माहीत नसेल तर सगळं जिकडे पाठवायचं तो) लागतो आणि तो मी टाकलेलाच नव्हता, मग काय, कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) घेऊन रात्री साडेअकराला बाईक काढली. तेव्हापासून या दोन ओळी नोटपॅडमधून एकदमच पेस्ट करतो:

आयपी राऊटिंग
आयपी राऊट ०.०.०.० ०.०.०.० १०.०.९९.६

मग ऑफिसच्या स्विचवर कॅमेऱ्यांचा राऊट:

आयपी राऊट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.९९.२

आधी कुठं जायचंय ते नेटवर्क, मग मास्क, शेवटी पुढच्या स्विचचा आयपी. काहीजण शेवटी आयपीऐवजी "व्हीलॅन ९९" लिहितात, ते नका करू, मग स्विच पलीकडच्या प्रत्येक आयपीसाठी वेगळा एआरपी (या आयपीचा मॅक पत्ता कोणता, हा प्रश्न) विचारत बसतो. "शो आयपी राऊट" मधे ही ओळ एस अक्षराने सुरू झालेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर व्हीलॅन ९९ डाऊन असणार, त्या व्हीलॅनमधला एक तरी पोर्ट चालू असल्याशिवाय तो वर येत नाही.

आता खरी गंमत. ऑफिसच्या स्विचवरून गोडाऊनच्या स्विचला पिंग मारलं (उत्तर येतं का बघायची कमांड), पहिला टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हं आली (पहिला टिंब एआरपीमुळे, घाबरू नका), वाटलं झालं काम. पण ऑफिसच्या पीसीवरून कॅमेरा काही उघडेना! कारण स्विचवरून मारलेलं पिंग १०.०.९९.१ या पत्त्याने जातं, तो गोडाऊनच्या स्विचला थेट जोडलेलाच आहे त्यामुळे उत्तर येणारच, पण पीसीचं पॅकेट १९२.१६८.१० चं, तिकडे परत कसं जायचं हे पलीकडच्या स्विचला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तिकडे पण आयपी राऊटिंग चालू करून उलटा राऊट टाकायचा:

आयपी राऊट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.०.९९.१

आणि टेस्ट करताना पिंगच्या शेवटी "सोर्स व्हीलॅन १०" लावायचं, तरच खरं काय ते कळतं. गोडाऊनला नेट पण हवं असेल तर तिथे डिफॉल्ट राऊट १०.०.९९.६ कडे, शिवाय फायरवॉलवर सुद्धा १९२.१६८.२०.० चा राऊट १०.०.९९.२ कडे, हा हमखास राहतो.

एवढं करूनही एखादा कॅमेरा दिसत नसेल तर स्विच सोडा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे जाऊन गेटवे बघा. लावणाऱ्याने तो रिकामाच सोडलेला असतो, कारण रेकॉर्डर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) त्याच व्हीलॅनमधे असतो आणि त्याचं गेटवेवाचून काही अडत नाही. तिथे १९२.१६८.२०.१ टाका, ऑफिसच्या पीसीला १९२.१६८.१०.१, म्हणजे त्या त्या व्हीलॅनमधला स्विचचा आयपी.

सगळं चाललं की दोन्ही स्विचवर "राईट मेमरी", म्हणजे कॉन्फिग सेव्ह. आणि हो, ते "रीलोड कॅन्सल" मारा आधी, नाहीतर तुम्ही चहा प्यायला उठाल आणि भर ऑफिस टायमात स्विच रीस्टार्ट होईल.