फ्रेंचमधलं 'असतं तर': कोंदिस्योनेल प्रेझाँ कसं तयार करावं आणि कुठे वापरावं

फ्रान्समध्ये कॅफेत गेल्यावर आधी 'बोंझूर' म्हणायचं आणि मग 'झ वूद्रे अँ काफे, सिल वू प्ले', म्हणजे 'मला एक कॉफी हवी होती, प्लीज'. यातलं 'वूद्रे' हे कोंदिस्योनेल प्रेझाँचं रूप. मराठी व्याकरणातल्या संकेतार्थाच्या, म्हणजे 'असतं तर'च्या रूपाच्या, ते जवळचं आहे. आपण वाण्याकडे 'अर्धा किलो साखर हवी होती' म्हणतो, तेव्हा साखर आत्ताच हवी असूनही भूतकाळ वापरून बोलणं मऊ करतो. 'वूद्रे' तेच काम करतं. त्याऐवजी साध्या वर्तमानकाळात 'झ व' म्हटलं, तर 'मला पाहिजे' असा हुकमी सूर लागतो.

या लेखात फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत. वही-पेन घेऊन बसा आणि पाठ्यपुस्तकातला तक्ता शेजारी उघडा ठेवा.

पहिली पायरी: भविष्यकाळाचं अंग घ्या

साधा भविष्यकाळ, म्हणजे फ्युत्युर सँप्ल, पक्का नसेल तर आधी तो पक्का करा. तो येत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे, कारण कोंदिस्योनेल त्याच अंगावर, म्हणजे प्रत्यय लावण्याआधीच्या भागावर, उभं राहतं. ज्या क्रियापदांच्या शेवटी ई-आर किंवा आय-आर असतं, त्यांचं मूळ रूप जसंच्या तसं घ्यायचं: पार्ले (बोलणं), फिनीर (संपवणं). शेवटी आर-ई असेल तर फक्त तो ई काढायचा: वाँद्र (विकणं) याचं अंग 'वाँद्र'च, पण लिहिताना शेवटी आर.

अनियमित क्रियापदं मोजकीच आहेत, पण रोजच्या बोलण्यात तीच सतत येतात. ती 'झ' म्हणजे 'मी' सकट पाठ करावीत: एत्र (असणं) झ सरे, आव्वार (जवळ असणं) झोरे, आले (जाणं) झिरे, फेर (करणं) झ फरे, वनीर (येणं) झ व्यॅंद्रे, व्वार (पाहणं) झ वेरे, पूव्वार (शकणं) झ पूरे, वूल्वार (हवं असणं) झ वूद्रे, दव्वार (करायला लागणं) झ दव्रे, साव्वार (माहीत असणं) झ सोरे. 'फाल्वार' फक्त 'इल' (तो, ते) याच्याबरोबर येतं: इल फोद्रे, म्हणजे 'करायला हवं'.

आश्ते (विकत घेणं), आप्ले (बोलावणं) अशा क्रियापदांत भविष्यकाळात जो स्वरचिन्हाचा किंवा दुहेरी अक्षराचा बदल होतो, तोच इथेही येतो: झाशेत्रे, झापेलरे. प्रेफेरे या क्रियापदाची दोन स्पेलिंग दिसली तर गोंधळू नका. 1990 च्या लेखनसुधारणेनंतर दुसऱ्या ई वरचं चिन्ह उलट्या दिशेनेही लिहिता येतं. जुनं आणि नवं, दोन्ही चालतात.

दुसरी पायरी: अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावा

प्रत्यय अँपार्फेचे, म्हणजे 'मी बोलत होतो' या काळाचे. 'झ' (मी) आणि 'त्यु'ला (तू) ए-आय-एस, 'इल' (तो), 'एल' (ती), 'ओं'ला (आपण) ए-आय-टी, 'नू'ला (आम्ही) आय-ओ-एन-एस, 'वू'ला (तुम्ही) आय-ई-झेड, अनेकवचनी 'इल', 'एल'ला (ते, त्या) ए-आय-ई-एन-टी. त्यात एकही अपवाद नाही. क्रियापद कितीही वाकडं असलं तरी वाकडेपणा अंगात असतो, प्रत्ययात कधीच नसतो.

झ पार्लरे, त्यु पार्लरे, इल पार्लरे, नू पार्लऱ्यों, वू पार्लऱ्ये, इल पार्लरे. कानाला चार रूपं सारखीच लागतात, फरक फक्त लिहिण्यात. भविष्यकाळातलं 'झ पार्लरे'सुद्धा जवळजवळ असंच ऐकू येतं. कोंदिस्योनेलचा शेवटचा 'ए' थोडं तोंड उघडून, 'ए' आणि 'ॲ'च्या मधला म्हणायचा असं शिकवतात, पण हा भेद आज बरेच फ्रेंच लोक पाळत नाहीत. ऐकताना संदर्भावर भर द्या. लिहिताना मात्र शेवटचा एस विसरू नका.

ही जोडणी आली कुठून तेही पाहण्यासारखं आहे. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे 'जवळ असणं' या क्रियापदाचा वर्तमानकाळ जोडून भविष्यकाळ घडला आणि त्याच क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ जोडून कोंदिस्योनेल. म्हणून दोघांचं अंग एक आणि शेपूट वेगळं.

तिसरी पायरी: आर तपासा

प्रत्ययाच्या आधी आर नसेल तर ते कोंदिस्योनेल नव्हेच. 'झ वूले' म्हणजे मला हवं होतं, 'झ वूद्रे' म्हणजे मला हवं आहे, पण नम्रपणे. खरा सापळा आहे तो मुळातच आर असलेल्या क्रियापदांत. मोंत्रे (दाखवणं) याचं 'झ मोंत्रे' हे ए-आय-एस लावलेलं रूप अपूर्ण भूतकाळाचं आहे. कोंदिस्योनेलमध्ये मूळ रूप पूर्ण लिहून पुढे प्रत्यय येतो, त्यामुळे आर दोनदा येतो: 'झ मोंत्ररे'. कूरीर (धावणं) आणि मूरीर (मरणं) यांत तर एका आरवर अपूर्ण भूतकाळ आणि जोडीच्या दोन आरवर कोंदिस्योनेल. परीक्षेत इथे हमखास मार्क जातात.

चौथी पायरी: 'सी' (जर) सांभाळा

रूपं आठवड्याभरात जमतात. मराठी माणूस अडतो तो 'जर-तर'च्या वाक्यात, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. आपलं वाक्य दोन्ही बाजूंना सारखं असतं: 'वेळ असेल तर येईन', 'वेळ असता तर आलो असतो'. फ्रेंचमध्ये अशा वाक्यांत दोन्ही बाजू सारख्या नसतात.

शक्य असलेली गोष्ट: सी झे ल ताँ, झ व्यॅंद्रे (वेळ असेल तर येईन). 'सी'नंतर वर्तमानकाळ, पुढे भविष्यकाळ.

कल्पनेतली गोष्ट: सी झावे ल ताँ, झ व्यॅंद्रे (वेळ असता तर आलो असतो). 'सी'नंतर अपूर्ण भूतकाळ, पुढे कोंदिस्योनेल.

मराठीच्या सवयीने आपण दुसऱ्या वाक्यात 'सी झोरे ल ताँ' म्हणून बसतो, आणि ते सपशेल चूक. फ्रान्समधली मुलंही ही चूक करतात, म्हणून त्यांना शाळेत घोकवतात: 'ले सी नेम पा ले रे', म्हणजे 'सी'ला 'रे' आवडत नाही. हेच वाक्य वेगळ्या स्पेलिंगने लिहिलं तर त्याचा अर्थ करवती आणि रेषा असा निघतो, म्हणून ते लक्षातही राहतं. वाक्याचा क्रम उलटला तरी नियम तोच: झ व्यॅंद्रे सी झावे ल ताँ.

आणखी एक गोष्ट. 'आलो असतो' हे मराठी रूप आत्ताच्या कल्पनेलाही चालतं आणि होऊन गेलेल्या गोष्टीलाही. फ्रेंचमध्ये त्याचे दोन तुकडे होतात. काल येता आलं असतं असं म्हणायचं असेल तर 'झ सरे वन्यु' हे कोंदिस्योनेल पासे, म्हणजे त्याचं भूतकाळी रूप, लागतं. लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ही गोष्ट अजून होऊ शकते का?

'सी'चा अर्थ 'की नाही' असा असेल तेव्हा मात्र त्याच्यापुढे कोंदिस्योनेल बिनधास्त येतं: झ न साव्हे पा सिल व्यॅंद्रे, तो येईल की नाही मला माहीत नव्हतं. 'ओ का ऊ' म्हणजे 'समजा तसं झालंच तर', त्यानंतर तर ते यावंच लागतं: ओ का ऊ इल प्लव्रे, प्राँ अँ पाराप्लुई. पाऊस आलाच तर म्हणून छत्री घे.

पाचवी पायरी: बोलण्यात आणा

मी तर सांगेन, पूर्ण तक्ते पाठ करत बसण्याआधी चार वाक्यं तोंडात बसवा. 'पूऱ्ये वू पार्ले प्ल्यु लाँतमाँ?' म्हणजे जरा सावकाश बोलाल का? नवशिक्याला याची गरज 'झ वूद्रे'इतकीच पडते. 'त्यु दव्रे त रपोझे', तू जरा आराम करायला हवास. 'ओं पूरे आले ओ सिनेमा', सिनेमाला जाऊया का? 'आ ता प्लास, झ पार्तिरे', तुझ्या जागी मी निघून गेलो असतो. या शेवटच्या वाक्यात 'सी' नाही, अट नुसत्या 'तुझ्या जागी'त आहे.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठीत भविष्यकाळ तसाच राहतो: 'तो येईन म्हणाला'. फ्रेंचमध्ये 'म्हणाला' भूतकाळात गेलं की 'येईन' कोंदिस्योनेलमध्ये जातं: इल आ दी किल व्यॅंद्रे. यात अटीचा मागमूसही नाही. म्हणूनच बरेच आधुनिक व्याकरणकार कोंदिस्योनेलला आज्ञार्थासारखा स्वतंत्र 'अर्थ' (मूड) न मानता निर्देशार्थातला, म्हणजे साध्या विधानाच्या रूपांतला, एक काळ मानतात.

फ्रेंच बातम्या वाचायला लागलात की आणखी एक उपयोग भेटेल, आणि तो माहीत नसेल तर अर्थाचा अनर्थ होतो. 'ल स्युस्पे सरे आझे द त्राँताँ' यात 'असता तर' काहीच नाही. संशयित तीस वर्षांचा असल्याचं सांगितलं जातं, एवढाच अर्थ. बातमीदार माहिती देतो, पण तिची खात्री देत नाही. आपल्याकडे हे काम 'म्हणे' किंवा 'असल्याचे समजते' करतं. मथळ्यात कोंदिस्योनेल दिसलं की 'सी' शोधत बसण्याआधी तिथे 'म्हणे' घालून वाचून पाहा.

फ्रेंच मुलं खेळ मांडतानाही हेच रूप वापरतात: 'म्वा, झ सरे ल दोक्तर, ए त्वा, त्यु सरे ल मालाद'. आपल्याकडे भातुकलीत 'मी डॉक्टर व्हायचं, तू पेशंट व्हायचं हं' असं ठरतं, तसंच.

सरावासाठी 'वेळ असता तर', 'पैसे असते तर', 'तिथे राहत असते तर' अशा तीन सुरुवाती मराठीत लिहा आणि प्रत्येकीपुढे स्वतःच्या मनातली वाक्यं जोडा. मग फ्रेंच करताना आधी फक्त 'सी'ची बाजू लिहून काढा, तिच्यात कुठेही 'रे' नाही ना ते पाहा, आणि त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात लावा.