कीर्तिमुखाने माझी सोळा पानं खाल्ली

जुन्या वास्तूंवरची नक्षी चित्रांत कशी येते, यावर प्रबंध करायचा म्हणून तुम्ही नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत मोबाईल घेऊन फिरायला लागला असाल, तर आधी तो मोबाईल खिशात ठेवा. मी नऊशे फोटो काढले होते. सुरूचे खांब, केळफुलं, महिरपी, उंबरठे. प्रबंधात त्यातला एकही लागला नाही. त्यातून ते मे महिन्यात काढलेले. नागपुरात मे महिन्यात दुपारी फिरणाऱ्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

पण मी अडकले ती वेगळ्याच ठिकाणी. मी अभ्यासाला घेतलेलं मुख्य चित्र जलरंगातलं होतं: देवळाचं दार, खाली उंबरठ्यावर कीर्तिमुख, म्हणजे दगडात कोरलेलं ते अक्राळविक्राळ तोंड. त्यावर मी सोळा पानं लिहिली. जालंधराने राहूला शंकराकडे धाडलं, शंकराच्या कोपातून एक भुकेला प्राणी निघाला, राहू शरण आला, मग त्या प्राण्याने शंकराच्याच सांगण्यावरून स्वतःचं अंग खाल्लं, तोंड तेवढं उरलं. सगळं बरोबर. सरांनी पानं चाळली आणि विचारलं, "बाई, हे पुराण झालं. चित्र कुठाय?"

मला राग आला. घरी येऊन चित्र समोर घेऊन बसले, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की चित्रातलं कीर्तिमुख अर्धंच आहे. चौकटीच्या खालच्या कडेने ते कापलंय. खालचा जबडा नाहीच. आणि शेजारी चपलांचा एक जोड. सहा महिने हे चित्र माझ्या टेबलावर होतं!

हे नीट समजून घ्या, कारण सगळे इथेच पडतात. देवळावरच्या कीर्तिमुखाला एक अर्थ असतो. चित्रातलं कीर्तिमुख मात्र चित्रकाराने निवडलेलं असतं: कुठे ठेवायचं, किती दाखवायचं, सावलीत की उन्हात, शेजारी काय. पहिला अर्थ कोशात मिळतो. दुसरा फक्त चित्रात मिळतो आणि तुमचा विषय तोच आहे. कमळ म्हणजे पावित्र्य, हत्ती म्हणजे ऐश्वर्य अशा तयार याद्या वरच्या वर्गातली मुलं देतात. घेऊ नका. दिल्या तरी घेऊ नका.

मला यातून बाहेर काढलं ते यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराच्या एका चित्राने. साधारण १४३५ चं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, जेमतेम ६६ बाय ६२ सेंटिमीटरचं. बर्गंडीच्या दरबारातला चान्सलर रोलँ मेरीसमोर गुडघे टेकून बसलाय आणि त्याच्या डोक्याच्या वर, दगडी कोरीवकामात, आदम-इव्हची स्वर्गातून हकालपट्टी, केनने केलेला भावाचा खून, झिंगलेला नोआ. पापांची अख्खी रांग, आणि ती नेमकी त्याच्याच बाजूला! ते दालन खरं नाही, चित्रकाराने रचलेलं आहे, असं मानतात. म्हणजे तिथे जाऊन फोटो काढायची सोयच नाही. झक मारत चित्र बघावं लागतं. अशा छुप्या प्रतीकांबद्दल पॅनोफ्स्की या कला-इतिहासकारानेच भरभरून लिहिलं आणि अर्थ लावताना साधी अक्कलही वापरा असं त्यानेच बजावलं. माझ्याकडे त्याचं पुस्तक होतं. अक्कल नंतर आली.

घाबरू नका, फिरणं वाया जात नाही. वही घेऊन जा आणि एकच खांब हाताने काढा, दोन तास लागले तरी. मग चित्रकाराने काय गाळलं ते आपोआप दिसायला लागतं. आणि पहिल्याच मसुद्याला "छान" म्हणणारे मार्गदर्शक मिळाले, तर बदलून घ्या. माझे सर खडूस होते. अजून फोन करते त्यांना.

सोळातली दीड पानं उरली. चपलांचा अर्थ मात्र मला शेवटपर्यंत लागला नाही. व्हायवात तसंच सांगून टाकलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला, प्रिंट डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "बाईच्या आहेत का हो या?"